बिनपगारी खुर्चीवर कोण बसणार?



व्याख्यानमालेचे विषय बहुधा मोठे असतात. शिवचरित्र, संविधान, संतसाहित्य, बदलते हवामान. मी आज घेतलेला विषय इतका लहान आहे की पत्रिका छापायच्या आधी आयोजकांनी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घेतली. कॉलेजच्या कारभारी समितीवर जे विद्यार्थी प्रतिनिधी बसतात, त्यांना त्या कामाचा मोबदला मिळावा की नाही, एवढाच तो विषय. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात पोरांना प्रश्न विचारायची मुभा होती. तेव्हा पोरांच्या खिशाचा प्रश्न या व्यासपीठावर वावगा ठरू नये.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोणाला ताटकळावे लागणार नाही. मोबदला मिळायला हवा. तो थोडा असावा, नियमाने बांधलेला असावा, संस्थाचालकांच्या मर्जीवर नसावा, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीलाच मिळावा. या चारांतली एक अट जरी सुटली तरी मी या मागणीच्या बाजूने उभा राहणार नाही. आता कारणे सांगतो.

कायद्याने दिलेली खुर्ची

१९९४ च्या विद्यापीठ कायद्याखाली प्रत्येक कॉलेजात स्थानिक व्यवस्थापन समिती असे. संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी आणि प्राचार्य अशी तिची साधारण घडण. विद्यार्थी त्या खोलीत नव्हता. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९७ ने त्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. कॉलेजात तिला सगळे सीडीसी म्हणतात. संस्थेचे अध्यक्ष तिचे अध्यक्ष. सचिव, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक लोक, गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य. याच यादीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव, अशी दोन मुले आली.

ही समिती शोभेची नाही. वर्षातून किमान चार बैठका घेणे तिला बंधनकारक आहे. कॉलेजचा विकास आराखडा ती बनवते. अंदाजपत्रक तयार करून संस्थेकडे मंजुरीला पाठवते. नवे अभ्यासक्रम, प्रवेशाची पद्धत, शिस्त आणि सुरक्षेचे उपाय, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांच्या कल्याणाच्या योजना, लेखापरीक्षणाचे अहवाल, हे सगळे तिच्यासमोर येते. थोडक्यात, मुलाच्या कॉलेजातल्या तीन वर्षांचा बराचसा बरावाईट निर्णय या टेबलावर होतो, आणि कायद्याने त्या टेबलाशी त्याला खुर्ची दिली आहे.

एवढ्यावर भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी समितीत नव्या आणि जुन्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी लागतात. २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यापुढच्या प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले तिघे बसायला हवेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित असतो. गुणवत्ता हमी कक्षातही विद्यार्थी लागतो. पाचसहा समित्या, आणि प्रत्यक्षात बहुतेक कॉलेजांत त्या सगळ्यांवर तीच ती चारदोन नावे फिरत असतात. जीएस म्हणजे सरचिटणीस, एलआर म्हणजे मुलींची प्रतिनिधी, आणि प्राध्यापकांच्या ओळखीतला एखादा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी.

चारची बैठक

मी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून अशा समितीवर बसलेलो आहे. कॉलेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठलेही स्टेशन घ्या, थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल.

बैठक चारची. टेबलावर इतिवृत्ताच्या प्रती, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, कागदी बशीत बटाटावडा आणि वेफर्स. विद्यार्थी परिषदेची सचिव म्हणून एक मुलगी आली होती. तृतीय वर्ष बी.कॉम., राहायला आसनगावला. आपल्याकडे कॉमर्सचे कॉलेज सकाळचे, सात ते साडेअकरा. का सकाळचे, तर जागेची टंचाई आणि मुलांना दुपारी काम करता यावे म्हणून. ही मुलगी दुपारी ठाण्याच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी राही. त्या दिवशी तिने शिफ्ट बदलून घ्यायचा प्रयत्न केला होता. जमले नाही, म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेऊन आली होती, आणि साडेसहाला हजर होते म्हणून सुपरवायझरला सांगून आली होती.

अध्यक्ष पावणेपाचला आले. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, विषय क्रमांक एक. नॅकच्या मूल्यांकनाच्या तयारीचा आढावा, क्रमांक दोन. नव्या इमारतीच्या वॉटरप्रूफिंगवर अर्धा तास गेला, कारण सभासदांपैकी एकाला त्यातले कळत होते. ग्रंथालयाच्या आणि संगणक कक्षाच्या शुल्कात वाढ हा विषय नवव्या क्रमांकावर होता. पाच पस्तीसला ती उठली. माझ्या बाजूने जाताना हळूच म्हणाली, ‘सर, फीचं काय ठरतंय ते सांगाल ना?’ सव्वासहाला तो विषय निघाला आणि चार मिनिटांत संपला. इतिवृत्तात नोंद झाली : ‘सर्वानुमते मंजूर’. हजेरीपटावर तिची सही होतीच.

पुढच्या बैठकीला ती आली नाही. पुढच्या वर्षी सचिव झाला तो मुलगा कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर राहणारा, घरचे दुकान असलेला. मुलगा गुणी होता, बोलायलाही चांगला. प्रत्येक बैठकीला शेवटपर्यंत बसला. त्याने वर्षभरात मांडलेले विषय असे : पार्किंग, कँटीनमधला मेनू, जिमखान्यात एसी. फीचा विषय त्याच्या डोक्यात आला नाही, कारण फीने त्याच्या घरात कधी कोणाची झोप उडवली नव्हती.

मला जे म्हणायचे आहे ते सगळे या दोन मुलांत आले. कायद्याने खुर्ची सर्वांसाठी ठेवली. पण त्या खुर्चीवर बसण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, असे म्हटल्यावर ती आपोआप विशिष्ट घरच्या मुलांसाठी राखीव होते. कोणी कट करावा लागत नाही. आपल्या पट्ट्यात तर फारच लवकर होते. कल्याणच्या बिर्ला कॉलेजात मुरबाडहून एसटीने येणारी मुले आहेत, ठाण्याच्या जोशी-बेडेकर आणि बांदोडकर कॉलेजांना कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या पकडून येणारी आहेत. ट्यूशन घेणारी, भिवंडीच्या गोदामांत पार्सले लावणारी, मोटरसायकलवर जेवणाची पाकिटे पोचवणारी मुले आपल्या प्रत्येक वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी एका दुपारची किंमत अगदी रोख असते.

टेबलाभोवती कोणाला काय मिळते

आता त्या टेबलाभोवती बसलेल्यांकडे पुन्हा एकदा पाहू. प्राचार्य, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, हे सारे त्या दिवशी ड्यूटीवर असतात आणि त्यांचा पगार चालू असतो. तो असायलाच हवा. संस्थेचे पदाधिकारी आणि स्थानिक सदस्य मानद असतात, हे खरे. पण बैठकीची तारीख आणि वेळ त्यांच्या सोयीने ठरते. वकिलाला कोर्ट उरकून जमावे, कारखानदाराला फेरी आटोपून येता यावे म्हणून तर ती चारची असते. लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली २०१३ साली झालेले नियम पाहा. अंतर्गत समितीवर बाहेरून येणाऱ्या सदस्याला दिवसाला २०० रुपये भत्ता आणि थ्री टियर एसीचे रेल्वेभाडे किंवा रिक्षा-टॅक्सीचा खर्च देण्याची तरतूद तिथे लिहून ठेवली आहे. रक्कम मोठी नाही. पण बाहेरून येणाऱ्या माणसाचा दिवस मोडतो, हे नियमाने मान्य केले. त्याच समितीत, तेच प्रकरण ऐकायला, तितकाच वेळ बसणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस मोडतो हे मात्र कुठेही लिहिलेले नाही.

गावाकडे बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला महिना ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार, त्यापुढे १० हजार रुपये. मुंबईच्या नगरसेवकाचे मानधन २०१७ मध्ये १० हजारांवरून २५ हजारांवर गेले. कंपनी कायद्यात स्वतंत्र संचालकाला एका बैठकीसाठी १ लाख रुपयांपर्यंत शुल्क देता येते. मोठ्या माणसांच्या अशा मंडळांत बैठकीला किंमत आहे. ती कमी की जास्त यावर भांडणे होतात, ती असावी का यावर आता कोणी भांडत नाही. विद्यार्थ्यापाशी आल्यावर मात्र आपल्याला एकदम सेवाभाव आठवतो.

सेवा आणि पोट

सेवाभावाच्या आक्षेपाची टर मला उडवायची नाही. मराठी मुलखात शिक्षणाचे जाळे उभे राहिले ते सेवाभावावरच. पण ती माणसे नेमके काय करत होती ते पाहू. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले. तिथल्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे काम करण्याचे वचन दिले, आणि त्या बदल्यात दरमहा ७५ रुपये घेतले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकीच एक. बाहेर वकिलीत याहून पुष्कळ जास्त मिळाले असते, त्यावर त्यांनी पाणी सोडले, यात त्यांचा त्याग आहे. पण संसार चालेल एवढे ७५ रुपये घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. ते नसते तर वीस वर्षे शिकवायला फक्त सावकारांची मुले उरली असती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर याच्याही पुढचे केले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, आणि ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीतच झाली. विद्यार्थ्याने काम करावे आणि त्याच्या कामाचा दाम त्याला मिळावा, यात लाज कसली, हे भाऊरावांनी तीन पिढ्यांना शिकवले. आज आपल्या विद्यापीठांत त्यांच्या नावाने योजना चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या, बाग सांभाळणाऱ्या मुलाला तासावर पैसे मिळतात. मग अंदाजपत्रक वाचून त्यावर मत देणाऱ्या मुलाचे काम कामात का धरू नये?

राष्ट्रीय सेवा योजनेकडेही बोट दाखवले जाते. एनएसएसची मुले दोन वर्षांत २४० तास सेवा करतात, शिबिर करतात, आणि पैसे घेत नाहीत. बरोबर. पण मुंबई विद्यापीठात त्यांना, एनसीसीच्या मुलांना आणि खेळाडूंना १० गुणांची सवलत आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात या कामाला श्रेयांक आहेत. म्हणजे त्यांच्याही वेळेची नोंद होते. प्रतिनिधीच्या वाट्याला अशी कोणतीच नोंद नाही. उलट बैठकीमुळे लेक्चर बुडाले तर ७५ टक्के हजेरीच्या यादीत त्याचेच नाव लागते.

पैसा आणि राजकारण

दुसरा आक्षेप असा की, पैसे आले की राजकारण आले. कॉलेजात आधीच काय कमी आहे?

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. मुंबईत १९८९ साली विद्यार्थी निवडणुकांच्या धामधुमीत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतरच्या वर्षांत राज्यातल्या थेट निवडणुका बंद पडल्या, आणि १९९४ च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या आलेल्या मुलाला प्रतिनिधी करण्याची पद्धत आणली. हिंसा थांबवणे आवश्यकच होते. पण गुणांच्या यादीवरून प्रतिनिधी नेमला की तो वर्गाला बांधील राहत नाही. त्याला वर्गाने पाठवलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांना चौकट घालून दिली. उमेदवाराने ५ हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नये, वय इतके असावे, हजेरी इतकी असावी, विषय राहिलेले नसावेत. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. २०१९ मध्ये तिचे वेळापत्रकही निघाले. मग विधानसभेच्या निवडणुका म्हणून ती पुढे ढकलली, पाठोपाठ करोना आला आणि विषय लांबत गेला. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतल्या, म्हणजे सिनेटमधल्या, दहा जागांसाठी पदवीधरांनी मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये मतदान केले. म्हणजे शिकून बाहेर पडलेल्याला मत आहे, आत शिकणाऱ्याला ते देण्याचा मुहूर्त मिळत नाही.

लिंगडोह समितीने उमेदवार किती खर्च करू शकतो यावर मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. त्यामुळे पैसेवाल्याचा हात थोडा आखडला. पण निवडून आल्यावर गरीब मुलाचे वर्षभर जे बुडते, त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वरून पैसा रोखला, खालून आधार दिला नाही. राजकारणात पैसा शिरतो तो बिनपगारी जागांवरच आधी शिरतो, कारण तिथे कार्यकर्त्याचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. बाहेरचा पक्ष गाडीत पेट्रोल भरणार असेल तर प्रतिनिधी त्या पक्षाचा होणार, यात नवल ते काय.

सार्वजनिक पदाच्या पगाराचा हा वाद आपल्या राज्याने फार वरच्या पातळीवर घातलेला आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेत मंत्र्यांना दरमहा ५०० रुपये पगार ठेवणारे विधेयक आले. साधेपणाचा तो आदर्श होता आणि त्याला टाळ्या मिळत होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याविरुद्ध बोलले. पगाराचा प्रश्न त्यांनी त्यागाच्या मापाने मोजला नाही. या पगारात लायक माणूस मिळेल का, लोकशाहीचे काय होईल, कारभार स्वच्छ राहील का, अशा कसोट्या त्यांनी लावल्या. ज्याने गरिबी पाहिली होती त्याला ठाऊक होते की बिनपगारी सत्ता शेवटी कोणाच्या घरात जाते.

इंग्लंडलाही हे उमगायला वेळ लागला. १८३८ साली तिथल्या कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने सहा मागण्यांची सनद काढली. सर्व प्रौढ पुरुषांना मत ही त्यांतली एक आणि खासदारांना पगार ही दुसरी. मताधिकार मिळाला आणि पगार मिळाला नाही तर कामगार कामगाराला निवडून देऊ शकेल, पण तिथे पोचवू शकणार नाही, हे त्या गिरणीकामगारांना कळले होते. पगार मिळाला १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड. मधली त्र्याहत्तर वर्षे खासदारकी कोणाकडे राहिली हे सांगायला नको.

मिंधेपणाचा प्रश्न

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. संस्थेकडून पैसे घेणारा मुलगा संस्थेविरुद्ध बोलेल कसा?

हा धोका खराच आहे. म्हणूनच मी म्हणालो की मोबदला संस्थाचालकांच्या हातून नको. संस्थेने ‘गुणी विद्यार्थी’ म्हणून स्नेहसंमेलनात पाकीट द्यायचे, असे झाले तर ते बक्षीस होईल, आणि बक्षीस देणाऱ्याचे ऋण राहतेच. भत्ता विद्यापीठाच्या परिनियमाने ठरावा, विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाकडून थेट मुलाच्या खात्यात जावा, आणि तो मत कोणत्या बाजूने दिले यावर नाही, हजेरीवर मिळावा. मग त्यात उपकार उरत नाहीत.

शिवाय आज तो मुलगा मोकळा आहे, असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्याचे अंतर्गत गुण कोणाच्या हातात? चारित्र्याचा दाखला कोण देतो? पुढच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचे? कँपस प्लेसमेंटची यादी कुठून जाते? या सगळ्या दोऱ्या आज आहेतच, आणि त्या लेखी नसल्यामुळे जास्त घट्ट आहेत. नियमाने मिळणारा भत्ता त्यात नवी दोरी घालत नाही. उलट ‘मी इथे काम करायला आलो आहे’ ही जाणीव त्याच्या पाठीचा कणा थोडा ताठ करील.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या तऱ्हांनी सोडवला आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थी संघटनेचे निवडून आलेले पदाधिकारी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पूर्ण पगारावर काम करतात. तिथल्या १९९४ च्या शिक्षण कायद्याने अशा पगारी पदावर एका व्यक्तीने एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नये असे बंधन घातले, म्हणजे पद हा धंदा होऊ नये. जर्मनीत विद्यार्थ्यांना सरकारी अर्थसाह्य मिळते. जो विद्यार्थी विद्यापीठाच्या वैधानिक मंडळांवर काम करतो त्याच्या साह्याची मुदत कायद्याने वाढवून मिळते. म्हणजे त्यांनी वेळ घेतला आणि वेळच परत दिला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावर १९७५ पासून एक विद्यार्थी बसतो, आणि त्या काळात त्याचे शुल्क माफ असते. ब्रिटिश पद्धत आपल्याला परवडणारी नाही आणि मानवणारीही नाही. पण वेळ, शुल्क आणि भत्ता या तीन मार्गांतून आपल्याला जुळेल ते घेता येते.

हिशेब

आता पैशाचे बोलू, कारण शेवटी ‘पैसा कुठून आणायचा’ या प्रश्नावरच असे विषय बारगळतात.

रक्कम किती असावी, याचा एक दर सरकारनेच लावून ठेवला आहे. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये बारावी झालेल्या तरुणाला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर बारावी झालेल्याचा दिवस २४० रुपयांचा आणि पदवीधराचा ४०० रुपयांचा. तेव्हा प्रतिनिधीला बैठकीच्या दिवसाचे ५०० रुपये, आणि कागदपत्रे वाचून येणे व नंतर वर्गप्रतिनिधींना माहिती देणे यासाठी आणखी ५०० रुपये, असे धरले तर कोणी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. दोन प्रतिनिधी, वर्षाला चार बैठका, बैठकीमागे प्रत्येकी हजार : एकूण ८ हजार रुपये. पाच हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात हे माणशी वर्षाला १ रुपया ६० पैसे पडतात. ओळखपत्राची दोरी याहून महाग असते. बाकीच्या समित्यांच्या बैठका धरून हा आकडा तिप्पट झाला तरी पाच रुपयांच्या आत बसतो.

पैशाबरोबर आणखी चार गोष्टी हव्यात, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही. बैठकीचा दिवस हजेरीत धरावा. वर्षभराच्या कामाला दोन श्रेयांक द्यावेत. एनएसएसला मिळतात तर यालाही मिळावेत. कार्यसूची आणि अंदाजपत्रकाचे कागद किमान सात दिवस आधी, मराठीत, मुलांच्या हातात पडावेत. आणि शुल्काचा विषय विद्यार्थी प्रतिनिधी हजर असतानाच घ्यावा, नाहीतर तो पुढच्या बैठकीत जावा.

ज्याला मोबदला मिळतो त्याच्याकडून कामाचा हिशेब मागता येतो, ही या मागणीची दुसरी बाजू आहे आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. आज फुकट काम करणाऱ्या मुलाला कोणी विचारत नाही की बाबा, तू तिथे काय बोललास. उद्या भत्ता घेतलेल्या प्रतिनिधीने बैठकीनंतर आठवड्याच्या आत सर्व सीआरना एकत्र बोलावून काय झाले ते सांगावे, आणि त्याची एक पानी नोंद सूचनाफलकावर लावावी. बैठकीला गेला नाही तर भत्ता नाही. नोंद लावली नाही तर पुढचा अर्धा भत्ता नाही. अशी शिस्त लावली तर वर्गालाही कळेल की आपले कोणीतरी तिथे आहे.

आणि निवडणुकीची अट मी सोडणार नाही. प्राचार्यांनी बोटाने दाखवलेल्या मुलाला भत्ता दिला तर आपण लोकशाहीच्या नावाखाली खुशमस्कऱ्यांची एक नवी जमात वाढवू. कायद्यात निवडणूक आहे. ती घ्या, लिंगडोहची चौकट पाळा, मतदान वर्गावर्गात शांतपणे करा. निवडणूक आणि भत्ता बरोबरच आले पाहिजेत. निवडणूक आली आणि भत्ता आला नाही तर खुर्ची पैसेवाल्याची होईल. भत्ता आला आणि निवडणूक आली नाही तर ती मर्जीतल्याची होईल.

या सभागृहात संस्थांचे विश्वस्त आहेत, विकास समित्यांवर निवडून गेलेले शिक्षक आहेत, अधिसभेला मत देणारे पदवीधर तर बहुतेक सगळेच आहेत. परिनियम बदलायला वेळ लागेल. विद्यापीठ ठराव करील, मंत्रालयात फाइल फिरेल, वर्ष-दोन वर्षे जातील. पण विद्यार्थी कल्याणाच्या योजना सुचवण्याचा अधिकार विकास समितीला आजच आहे. बैठकीची वेळ बदलणे, कागद आधी देणे, हजेरी धरणे, प्रवासखर्च देणे, आणि भत्त्याचा परिनियम करा असा ठराव विद्यापीठाकडे पाठवणे, यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पदवीधरांनी आपण निवडून दिलेल्या अधिसभा सदस्याला गाठून विचारावे की हा प्रश्न तुम्ही कधी मांडणार. विश्वस्तांना आणि शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे : येत्या बैठकीच्या कार्यसूचीत हा विषय घाला, आणि तो नवव्या क्रमांकावर नको, इतिवृत्त कायम झाल्याबरोबर घ्या.